पट, निकाल आणि बिऱ्हाड



जून तोंडावर आला की आमच्या भागात एक ठरलेलं दृश्य दिसतं. शिवारात पेरणीची लगबग असते आणि त्याच वेळी एखाद्या दारापुढं छोटा टेम्पो उभा असतो. टेम्पोत दोन गाद्या, गॅसची टाकी, ज्वारीचं पोतं, पाण्याचा ड्रम आणि सगळ्यात वर लेकराची सायकल. बाप मागं शेताजवळ राहणार. आई लेकरांना घेऊन लातूरला, उमरग्याला नाहीतर सोलापूरला खोली करून राहणार. का म्हणून विचारलं तर उत्तर एकच, 'लेकरांच्या शाळेसाठी.'

आमचं माकणी तेरणेच्या काठचं. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथलंच. या भागात माणूस कुठं राहायचं ते पाणी बघून ठरवायचा. मुलगी द्यायची तर विहिरीला पाणी किती, आड किती लांब, हे आधी विचारलं जायचं. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपानं किल्लारी-सास्तूरचा सगळा पट्टा उद्ध्वस्त झाला आणि पुढं गावंच्या गावं नव्या जागी वसली. तेव्हाही लोकांचे प्रश्न हेच होते, की साहेब, शेत किती लांब पडंल? गुरं कुठं बांधायची? शाळेचं कुणी फारसं विचारत नव्हतं. शाळा काय, सरकार काढंलच कुठंतरी, असा भरवसा होता.

तीस वर्षांत हे उलटं झालं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच लातूरला पुढच्या जूनमध्येही पालक लेकरांना घेऊन गेलेच. म्हणजे पाण्यापेक्षा शाळा मोठी ठरली. मला यात वाईट काही दिसत नाही. ज्याच्याकडे चार एकर कोरडवाहू आहे, त्याला आपल्या लेकराच्या हाती दुसरं काही द्यायचं असेल तर शिक्षणाशिवाय आहे काय? भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांतली सुमारे १,२०० लेकरं भारतीय जैन संघटनेनं शिकायला पुण्याला नेली होती. शिक्षणासाठी गाव सोडणं ही काही पळपुटेपणाची गोष्ट नाही.

प्रश्न सोडण्याचा नाही, कशावरून ठरवता याचा आहे. आज बहुतेक जण ठरवतात ते आकड्यांवरून. अमक्या शाळेचा निकाल इतके टक्के, तमक्या कॉलेजातून इतकी मुलं डॉक्टरकीला गेली. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. गणिताशी माझी फार सोयरीक नाही. पण वाक्य कुणाविषयी बोलतंय हे नीट ऐकायची सवय कवितेनं लावली. आकडा हेही एक वाक्यच असतं. तो कुणाविषयी बोलतो आणि कुणाविषयी गप्प राहतो, एवढं ऐकता आलं तरी पुष्कळ.

एक तरुण शेतकरी मागं माझ्याकडे आला. हातात मोबाइल. म्हणाला, ''भाई, ह्या शाळेचा निकाल शंभर टक्के हाय. हिच्याजवळच खोली बघायची म्हणतोय.''

म्हटलं, ''बस की आधी. शंभर टक्के म्हणजे किती लेकरं?''

''ते कुठं लिहिलंय?''

''मग नववीत किती होती?''

तो हसला. ''भाई, तुमाला सगळंच इचारायचं असतंय.''

विचारायचं असतंय, कारण उत्तर मिळतं. सरकारकडे प्रत्येक शाळेची एक कुंडली असते, तिला यू-डायस म्हणतात. १९९०च्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर ही माहिती गोळा करायला सुरुवात झाली. २०१२-१३ पासून पहिली ते बारावीची माहिती एकत्र आली आणि २०१८-१९ पासून तिचं नवं रूप 'यू-डायस प्लस' सुरू झालं. प्रत्येक शाळेला अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दोन जिल्ह्याचे, आमच्या धाराशिवचे २९. मग तालुका, गाव आणि शेवटी शाळा. पुष्कळ शाळांच्या दर्शनी भिंतीवर हा क्रमांक रंगवलेला दिसतो. आपण तो वाचतो आणि पुढं जातो. पण तो मोबाइलवर टाकला की शाळेची माहिती कुणालाही बघता येते. कुठल्या वर्गात किती मुलं, किती मुली, शिक्षक किती, खोल्या किती, माध्यम कोणतं, पाणी आहे का, वीज आहे का, मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का, ग्रंथालय, मैदान, संगणक, सगळं.

एक गोष्ट मात्र त्यात नाही. पाचवीतल्या लेकराला वाचता येतं का, हे त्यात नाही.

ते बघणारे दुसरे कागद आहेत. 'प्रथम' या संस्थेचा 'असर' अहवाल २००५ पासून निघतो. एका जिल्ह्यातली तीस गावं आणि प्रत्येक गावातली वीस घरं निवडून, घरी जाऊन, मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि साधी गणितं घालतात. सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०१७ आणि २०२१ साली झालं. ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' या नावानं तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची पाहणी झाली. ही कामं मोलाची आहेत, पण ती जिल्ह्याविषयी किंवा राज्याविषयी बोलतात, तुमच्या गल्लीतल्या शाळेविषयी नाही. २०१८ साली नीती आयोगानं देशातले आकांक्षित जिल्हे निवडले. त्यात महाराष्ट्रातले चार होते. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आमचा तेव्हाचा उस्मानाबाद. ते वाचून कुणी म्हणालं, चला, जिल्हाच मागास, इथं शाळा चांगली असणारच नाही, तर ते चूक. जिल्ह्याच्या सरासरीत उत्तम शाळाही असतात आणि कुलूप लावायच्या लायकीच्याही. सरासरी म्हणजे तेरणेची सरासरी खोली. ती ऐकून कुणी पाण्यात उतरत नाही. आपण उतरतो ती जागा किती खोल, ते बघतो.

आता लातूरचंच घ्या. राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी सुट्ट्यांतले जादा तास, सराव परीक्षा, वेळापत्रकाची शिस्त यांच्या जोरावर जे करून दाखवलं, त्याला लोक 'लातूर पॅटर्न' म्हणू लागले. मराठवाड्यातली पोरं राज्यात चमकू शकतात, हा आत्मविश्वास त्यातून आला आणि त्याचं श्रेय त्या प्राचार्यांना आणि शिक्षकांना दिलंच पाहिजे. पण दुसरा आकडा ऐका. २०२५ साली बारावीच्या परीक्षेत राज्याच्या नऊ विभागांत सगळ्यात वर कोकण होतं, ९६.७४ टक्के. सगळ्यात खाली कोण? लातूर विभाग, ८९.४६ टक्के. ज्या लातूरला आपण बिऱ्हाड घेऊन जातो, त्याच्याच नावाचा विभाग तळाला.

यात खोटं काहीच नाही. लातूर विभाग म्हणजे लातूर शहर नव्हे. त्यात लातूर, धाराशिव आणि नांदेड असे तीन जिल्हे येतात. लातूर शहरातली मोजकी नामांकित महाविद्यालयं एकीकडे आणि तीन जिल्ह्यांतल्या आडगावची कनिष्ठ महाविद्यालयं दुसरीकडे. पण एवढ्यावर थांबू नका. त्या नामांकित महाविद्यालयात प्रवेश कुणाला मिळतो? दहावीला नव्वदच्या पुढं गुण असलेल्यांना. नव्वद टक्क्यांची पोरं आत गेली आणि नव्वद टक्क्यांची बाहेर आली, तर त्यात महाविद्यालयाचं किती आणि पोरांचं किती? उलट एखाद्या गावच्या शाळेत पंचावन्न टक्क्यांवर आलेलं पोरगं सत्तर टक्के घेऊन बाहेर पडलं, तर त्या शाळेनं जास्त काम केलं. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत मात्र फोटो नव्वदवाल्यांचे येतात.

म्हणून निकाल बघताना विचारायचं ते हे, की मुलं आली तेव्हा कशी होती आणि गेली तेव्हा कशी. इंग्लंडमध्ये २०१६ पासून सगळ्या माध्यमिक शाळांसाठी अशी मोजणी लागू झाली. मुलगा प्राथमिक शाळेतून कुठल्या पातळीवर आला आणि सोळाव्या वर्षी कुठं पोचला, तसंच आलेल्या बाकीच्या मुलांपेक्षा किती पुढं गेला, हे त्यात बघतात. आपल्याकडे शाळाशाळांची अशी मोजणी छापून येत नाही. पण थोडं आपलं आपल्याला करता येतं. यू-डायसच्या पत्रकात गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती ते बघा आणि यंदा दहावीला किती बसली ते बघा. नववीत साठ आणि दहावीला अडतीस असतील, तर मधली बावीस गेली कुठं? काही नापास झाली असतील, काहींनी गाव सोडलं असेल. पण काही ठिकाणी कच्च्या मुलांना बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावतात, म्हणजे ती शाळेच्या निकालात धरली जात नाहीत. असा शंभर टक्के निकाल काही मुलांना दाराबाहेर काढून आलेला असतो. तुमचं लेकरू जर मधल्या फळीतलं असेल, तर त्याच्यासाठी महत्त्वाचे आकडे त्या बावीस जणांचे आहेत.

शाळा बघून घर निवडायचं, हे काही आमच्याच भागातलं खूळ नाही. संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेलेली मराठी कुटुंबं हेच करतात. तिथं सरकारी शाळा त्या त्या काउंटीच्या किंवा शाळा-जिल्ह्याच्या असतात आणि साधारणपणे घराच्या पत्त्यावरून मुलाची शाळा ठरते. त्यामुळं घर घेताना आधी शाळेचे आकडे बघतात. घरविक्रीच्या जाहिरातीतच जवळच्या शाळेला दहापैकी किती गुण ते छापलेलं असतं. १९९९ साली सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी बॉस्टनच्या उपनगरांतला अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेच्या हद्दीच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर त्यांनी ताडून बघितलं. परीक्षेतले गुण पाच टक्क्यांनी जास्त असले, तर त्या हद्दीतल्या घरासाठी पालक सुमारे अडीच टक्के जास्त मोजत होते. म्हणजे चांगली शाळा फुकट असली तरी तिच्या दारापर्यंतचा रस्ता विकत घ्यावा लागतो. तिथं शाळांचा बराच पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळं श्रीमंत वस्तीची शाळा आणखी भरभराटीला येते आणि गरीब वस्तीची मागं पडते. चांगल्या गुणांच्या आकड्यामागं पुष्कळदा पालकांचं उत्पन्न लपलेलं असतं.

आपल्याकडे पत्त्यावरून शाळा ठरत नाही. पण पत्ता पुढं येतोच. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा त्याचा दंडक. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांची सोडत निघते तेव्हाही शाळा आणि घर यांतलं अंतर बघतात. त्यासाठी राहण्याचा पुरावा लागतो आणि भाड्यानं राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा द्यायची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तोच निकाल कायम ठेवला. गरीब बापासाठी त्या एका किलोमीटरला केवढी किंमत आहे, हे या भांडणावरून कळावं.

आणि कधी कधी गावात राहण्यालाच भाव असतो. जवाहर नवोदय विद्यालयाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या जिल्ह्याचं नवोदय तुळजापूरला आहे. सहावीला परीक्षा घेऊन प्रवेश देतात. राहणं, जेवण, शिक्षण सरकारचं. त्यातल्या किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण म्हणून अर्ज करायचा तर तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण केलेली लागतात, आणि पाचवी त्याच जिल्ह्यात. तिसरीतल्या लेकराला घेऊन लातूर शहरात बिऱ्हाड केलं, की धाराशिव जिल्ह्याच्या नवोदयमधल्या ग्रामीण जागांचं दार त्याला बंद. ज्या चांगल्या शाळेसाठी गाव सोडलं, तिच्याहून चांगली शाळा गाव न सोडणाऱ्यासाठी होती, असंही होतं. टेम्पो ठरवायच्या आधी हे बघून घ्यावं.

आता आमच्या समाजाविषयी थोडं बोलतो, कारण इथं आकड्यांच्या वेगळ्या बाजू दिसतात. यू-डायसच्या पत्रकात माध्यमाचा रकाना असतो. मराठी, उर्दू, इंग्रजी. मुस्लिम कुटुंबाला घर बदलताना हा रकाना फार अडतो. गावात उर्दूची शाळा सातवीपर्यंत असली, तर पुढं पोरीचं काय? तालुक्याला पाठवायची की मराठी शाळेत बसवायची? मी स्वतः जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी हरफ. त्या मराठीनंच मला कवी केलं, म्हणून माझा कल कुणीकडे हे सांगायला नको. पण मी उर्दूचा रकाना बघणाऱ्या आईबापांना नावं ठेवत नाही. माझं म्हणणं इतकंच, की माध्यमाच्या पुढचा रकानाही बघा. आठवी, नववी, दहावीत मुली किती उरतात? माध्यम आपलं आणि दहावीत पोरगी नाही, तर त्या माध्यमाचा तिला उपयोग काय?

पत्रकात न येणारीही एक गोष्ट आहे. मागं एका शहरात आमच्या नात्यातल्या मुलासाठी मी खोली बघत फिरत होतो. शाळा चांगली, अंतर चालत दहा मिनिटांचं. घरमालक गोड बोलला, चहा पाजला, आणि नाव सांगितल्यावर म्हणाला, ''अहो, ती खोली कालच दिली बघा.'' असं तीन ठिकाणी झालं. चौथ्या ठिकाणी एका म्हाताऱ्या आजीनं नाव ऐकलं आणि विचारलं, ''पोरगं रात्री दिवा किती वाजेपर्यंत जाळतंय?'' खोली मिळाली. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. दलित कुटुंबांनाही हे चुकलेलं नाही आणि एकट्या बाईला लेकरांसह खोली मागताना काय काय ऐकावं लागतं, ते तिलाच माहीत. सांगायचं एवढंच, की शाळेची माहिती सगळ्यांना सारखी दिसते, पण तिच्यावरून निवड करायची मुभा सगळ्यांना सारखी नसते. म्हणून ज्यांना जाता येतं, त्यांनी मागं राहणाऱ्यांचाही विचार करावा.

मागं राहणाऱ्यांचं काय होतं? त्याचाही हिशेब त्याच पत्रकात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, असं कोष्टक आहे. राज्याचे संचमान्यतेचे निकष वेळोवेळी बदलतात, पण पाया पटसंख्येचाच. समजा, शाळेत एकसष्ट मुलं आहेत. एका घरानं आपली दोन लेकरं उचलून शहरात नेली. पट एकोणसाठ झाला. कोष्टकाप्रमाणं तिसऱ्या शिक्षकाची जागा गेली. आता दोन शिक्षक आणि पाच वर्ग. ते बघून आणखी दोन घरं उठतात. पट आणखी खाली. एका घराची निवड त्या घरापुरती राहत नाही. ती एकोणसाठ लेकरांच्या वर्गात जाऊन बसते.

संचमान्यतेसाठी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरची पटसंख्या धरत आले आहेत. आमच्या भागातल्या माणसाला ही तारीख वेगळी सांगावी लागत नाही. १९९३ साली त्या पहाटे गावं एका झटक्यात पडली. शाळा अशा एका झटक्यात पडत नाहीत. दर वर्षी दोन-चार नावं कमी होत जातात. २०२३ साली शिक्षण खात्यानं वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा मोजल्या, तेव्हा राज्यात त्या पावणेपंधरा हजारांच्या घरात निघाल्या आणि त्यांत जवळपास एक लाख पंच्याऐंशी हजार मुलं शिकत होती. अशा शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, असा विचार पुढं आला. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली. त्यात बसची सोय, जास्त शिक्षक, असे फायदेही आहेत. पण ज्या आईची पोरगी सात वर्षांची आहे, तिला वाडीवरची शाळा बंद होणं म्हणजे काय, हे कोष्टकात दिसत नाही.

आणखी एक गोष्ट पटावर दिसते, ती आपण डोळे उघडून बघावी. 'असर'च्या अहवालांत वारंवार असं आलंय, की सरकारी शाळांत मुलांपेक्षा मुलींचं प्रमाण जास्त असतं. कारण सोपं आहे. घरात पैसा एका लेकरापुरता असला, की तो मुलाच्या शाळेसाठी निघतो. पोरगा लातूरला आणि पोरगी आजीजवळ. आई गेली तर स्वयंपाकही त्या पोरीकडे. बापाची भाकरी तिनं थापायची, एसटीनं लातूरला जाणारा भावाचा डबा तिनं भरायचा आणि मग जमलं तर शाळेला जायचं. घराचं बिऱ्हाड कुठं करायचं हे ठरवताना हा प्रश्न घरातल्या घरात मोठ्यानं विचारावा, की ही निवड कुणासाठी चाललीय? दोन्ही लेकरांसाठी, की एकासाठी?

मग करावं काय? मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. पण त्या तरुणाबरोबर बसून जे केलं, ते सांगतो. आधी आम्ही त्याच्या लेकराला हाक मारली. चौथीतलं पोरगं. त्याच्यापुढं दुसरीच्या पुस्तकातलं एक पान धरलं आणि म्हटलं, वाच. मग हातच्याची एक वजाबाकी घातली. 'असर'वाले साधारण हेच करतात. त्याला पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. लेकरू वाचत असेल, तर त्याला कशाची गरज आहे ते कळतं. अडखळत असेल, तर ज्या शाळेत एका वर्गात सत्तर मुलं आहेत तिथं ते आणखी मागं पडेल, निकाल कितीही असो.

मग दोन शाळांची पत्रकं शेजारी ठेवली, गावातली आणि शहरातली. एका वर्षाची नाही, तीन वर्षांची. एका वर्षाचा आकडा कधी कधी नुसता योगायोग असतो. वर्गात मुलं किती, शिक्षक किती, कुठल्या इयत्तेत पट अचानक घसरतो, मुली कुठं कमी होतात. त्यानंतर मी त्याला म्हटलं, आता शहरातल्या शाळेत जाऊन ये, पण स्नेहसंमेलनाला नको. साध्या मंगळवारी दुपारी जा. गुरुजी वर्गात आहेत का बघ. शेवटच्या बाकावरच्या मुलाची वही बघायला माग.

आणि चौथं काम गावातलं. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावेत आणि निम्म्या बायका. पुष्कळ गावांत ही समिती फक्त सहीपुरती असते. शहरात खोली करायची म्हणजे अनामत, दर महिन्याचं भाडं, दोन चुली, एसटीचं भाडं. तो खर्च वर्षाचा लिहून काढा. त्यातला एक महिन्याचा खर्च आणि चार बैठकांचा वेळ गावच्या शाळेला दिला तर काय होईल, हे आधी बघा. समितीच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, 'गुरुजी, तिसरीतल्या किती लेकरांना वाचता येतंय?' रागावून नको, आदरानं विचारा. ज्या गुरुजींवर मुलांना शिकवण्याशिवाय नाना माहित्या भरण्याचं ओझं आहे, त्यांनाही कुणीतरी हा प्रश्न विचारायला हवाच असतो.

हे सगळं करूनही काही घरांनी जायचंच ठरवावं लागेल. अकरावी-बारावीचं विज्ञान गावात मिळत नाही. काही शाळा सुधारण्यापलीकडे गेलेल्या असतात. अशा घरांनी मनात अपराध धरू नये. जाताना शाळेचा दाखला घ्यायला जाल, तेव्हा गुरुजींना मात्र खरं कारण सांगून जा. शिक्षक नाही म्हणून, इंग्रजी येत नाही म्हणून, की मुलीला स्वच्छतागृह नाही म्हणून. आणि ते कारण कागदावर लिहून समितीकडे द्या. पटावरून नाव कमी होतं तेव्हा फक्त संख्या घटते. का घटली, ते कळलं तर मागं राहिलेल्या लेकरांसाठी काही करता येईल.

तो तरुण अजून ठरवतोय. शहरातल्या शाळेत तो जाऊन आला आणि आमच्या गावच्या शाळेच्या बैठकीलाही येऊन बसला. काय ठरवेल, ते त्याचं त्यानं आणि त्याच्या बायकोनं ठरवायचं आहे. पण परवा भेटला तेव्हा म्हणाला, ''भाई, पोरगं आता रोज रातच्याला एक पान वाचून दाखवतंय.'' कुठंही राहिलं, तरी एवढं काम घरातच करायचं असतं.